थांबा गं बायांनो

"आक्का, आधी तुझं ते नेहमीचं म्हण," मधू म्हणाला. "मग पुढचं."

"नेहमीचं म्हंजे कुठलं?"

"ते गं. हॉलमधी वरडतीस ते."

आम्ही दोघं काजूच्या पोत्यांच्या थप्पीमागं उभे होतो. तिथं आवाज घुमत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानं मोबाइल माझ्या तोंडापुढं धरला होता आणि मला हसू आवरत नव्हतं. चाळिशी उलटलेली बाई, पदर खोचलेला, हाताला तेल फासलेलं, आणि समोर धाकटा भाऊ मुलाखत घेतल्यासारखा गंभीर. दोनदा हसून झालं, तिसऱ्यांदा तो चिडला, तेव्हा मी घसा साफ केला आणि एका दमात म्हणाले,

"थांबा गं बायांनो! दांडी सोडू नका. दाबून धरा. दार उघडतंय."

"झकास," मधू म्हणाला. "रेडिओवर पाहिजे हुतीस तू."

मी खूश झाले. आता खोटं कशाला बोलू, फार खूश झाले. आवाजाचं कौतुक झालं की मी विरघळते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

याला आता चौदा वर्षं झाली. आजऱ्याच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला काजूचा एक कारखाना होता, तिथं मी मुकादम होते. मुकादम म्हणजे फार मोठं काही नाही. बी फोडणाऱ्या आणि गर सोलणाऱ्या बायकांवर देखरेख करायची, वजनं घ्यायची, भांडणं मिटवायची आणि मालकाची बोलणी आधी आपण खाऊन त्यातली निम्मीच बायकांना वाढायची.

वजनाआधी एक रीत होती. मी हॉलच्या तोंडाशी उभी राहून हाळी द्यायची, "थांबा गं बायांनो!" की सगळ्या बायका हातातलं जागच्या जागी सोडून दोन्ही हात वर करायच्या, तळवे उघडे. कुणाच्या मुठीत गर राहू नये, शेजारणीच्या ताटातला पसाभर आपल्या ताटात येऊ नये, म्हणून मालकानं काढलेली ती झडतीच होती. पण मी तिचा खेळ करून टाकला. जिचे हात सगळ्यांत शेवटी वर जातील, तिनं चहाच्या वेळी उखाणा घ्यायचा. मग काय, हाळी पुरती कानावर पडायच्या आत हात वर. हौसा तर एकदा म्हणाली, "शालन, काल गल्लीत कोणतरी तुझ्यासारखं वरडलं, तर भाकरी थापायची सोडून मी पिठाचं हात वर केलं बघ. सासू म्हणाली, भूतबाधा झाली काय गं?"

ही हौसा माझी जिवाची मैत्रीण. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलो, एकाच वर्षी कारखान्यात लागलो. डबे दोन, पण दोघी एकाच डब्यात जेवायचो.

हॉलला दोन दारं होती. पुढचं दार बॉयलरच्या खोलीवरून अंगणात जायचं. मागचं दार सरळ मोकळ्या माळावर. त्या मागच्या दाराला बाहेरून हे एवढं कुलूप आणि किल्ली मालकाच्या खिशात. त्यावरून माझं आणि मालकाचं कितीतरी वेळा वाजलं होतं. काजूच्या टरफलात तेल असतं, ते पेटलं की विझवता विझत नाही, आणि टरफलावरच आमचा बॉयलर चालायचा. मी म्हणायची, "एखाद्या दिवशी भडका उडाला तर बायका कुठनं बाहेर पडतील?" मालक म्हणायचा, "मागचं दार उघडं ठेवलं की माझ्या काजूला पाय फुटत्यात, शालनबाई." बायकांचा जीव मोठा की काजूगर, असं मी तोंडावर विचारलं, तर तो हसला आणि पेपर वाचायला लागला.

मग सरकारी साहेब तपासणीला आला. त्यानं कुलूप बघितलं आणि मालकाला चांगलंच झापलं. संकटकाळी बाहेर पडायच्या दाराला कुलूप चालणार नाही, आतून ढकललं की उघडलं पाहिजे, नाहीतर कारखाना बंद. मालकाची झोप उडाली. तेव्हा मीच म्हणाले, "माझा भाऊ ही कामं करतो. बोलवू?"

मधूला मी बोलवलं, हे मी लपवत नाही. अभिमानानं बोलवलं. आई-बाप लवकर गेले, हा माझ्या सासरी राहून शाळा शिकला, मग आयटीआय केलं, आणि गडहिंग्लजला दुकान टाकलं. कॅमेरे, भोंगे, विजेवर चालणारी कुलपं. माझं माहेर म्हणजे तोच. दर भाऊबीजेला त्याच्या घरी पाटाभोवती रांगोळी काढताना वाटायचं, चला, एवढं एक तरी माणूस आपण धड उभं केलं.

तो आला तेव्हा एक अख्खी दुपार हॉलमध्ये स्टुलावर बसून राहिला. मी दिलेले तुकडा काजू खात, बायका कशा काम करतात ते बघत. त्यांनी त्याची फिरकी घेतली. "भावजी, दार तिकडं हाय. आमचं हात काय बघताय?" तो लाजला. मी हाळी दिली, सगळे हात वर गेले, तेव्हा तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "आक्का, मिलिट्रीत जायचं सोडून हितं काय करतीस?"

दार लागलं. कुलूप निघालं त्या दिवशी मी बायकांना माझ्या पैशानं भजी चारली. नव्या दाराला आतून आडवी लोखंडी दांडी होती. मधूनं मला समजावलं, दांडी दाबली की भोंगा वाजणार आणि माझा आवाज येणार. दांडी तशीच धरून पंधरा आकडे मोजायचे, की दार उघडतं. मध्येच सोडली तर पुन्हा पहिल्यापासून. चोरून जाणारी भोंग्यानं पकडली जाईल आणि जीव वाचवायला जाणारी बाहेर पडेल, मालकही खूश आणि साहेबही खूश. धूर झाला की कुलूप आपोआप सुटतं, असलाही एक प्रकार होता, पण तो मालकानं घेतला नाही.

"मग बायकांना एकदा दाबून दाखवूया की," मी म्हणाले.

"मालक नको म्हणतोय. म्हणतोय, शिकवलं की रोज जातील." मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा आवाज कशाला घेतलाय आक्का? दारच शिकवंल त्यांना. तुझ्या तोंडचं त्या ऐकणार न्हाईत काय?"

मला ते पटलं. माझ्या तोंडचं त्या ऐकणारच होत्या.

महिन्याभरात एकीनं गमतीनं दांडीला हात लावला. भोंगा बोंबलला, "थांबा गं बायांनो!" आलं, आणि ती बया दोन्ही हात वर करून उभी. हॉल हसून हसून लोळला. "शालनआक्का दारात बी जाऊन बसली गं!" पुढचं वाक्य आलं नाही. मला वाटलं, हिनं दांडी सोडली म्हणून आलं नाही. तसं वाटणं साहजिकच होतं.

आणि मग ती दुपार आली. मी अंगणात काट्यावर पोती चढवून घेत होते. बॉयलरच्या खोलीत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला आणि बघता बघता दारातून काळा धूर बाहेर आला. टरफलाच्या तेलाचा धूर, नाकात गेला की घशाला आतून ओरबाडतो. पुढच्या दारानं दोघीतिघी खोकत बाहेर आल्या. बाकी सगळ्या आत. मी काट्यावरची माणसं पाण्याला पळवली आणि स्वतः कारखान्याला वळसा घालून मागच्या दाराकडं धावले. आतून भोंगा ऐकू आला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, दाबली गं बाई कुणीतरी दांडी. आता उघडतंय.

भोंग्यावरून माझा आवाज आला. "थांबा गं बायांनो!"

मी पुढच्या शब्दांची वाट बघितली. भोंगा बंद पडला. मग पुन्हा वाजला. पुन्हा "थांबा गं बायांनो!" पुन्हा बंद.

दाराला बाहेरून कडी नाही, मूठ नाही. मी नुसत्या बुक्क्या मारत होते. "थांबू नका! दाबा! दाबून धरा गं!" आत मी थांबा म्हणत होते, बाहेर मी थांबू नका म्हणत होते, आणि त्यांना आतलीच ऐकू जात होती. शेवटी कुणीतरी आतून किंचाळलं, "हे दार बंदच हाय! पुढं चला!" आणि पावलं लांब गेली. मी तिथंच दारावर डोकं आपटलं.

त्या सगळ्या बॉयलरच्या खोलीवरून, धुरातून आणि जाळातून बाहेर आल्या. कुणाचे केस गेले, कुणाचा पदर. जीव सगळ्यांचा वाचला. हौसा सगळ्यांत मागं होती. ती दारातच पडली, आणि तिला ओढून काढेपर्यंत पाठ आणि दोन्ही हात भाजले होते. काजू सोलणारीचे हात.

मधू त्याच संध्याकाळी धावत माझ्या घरी आला. माझ्याआधी तोच रडला. "आक्का, आगीनं आतली चिप जळाली. निम्मंच वाक्य वाजलं. माझं नशीबच खोटं." मी त्याला जवळ घेतलं. पाणी दिलं. म्हटलं, यंत्र आहे, यंत्राचा काय भरवसा. जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

पण कारखान्यातल्या बायका माझ्याशी बोलेनात. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. पाणवठ्यावर गेले की गप्पा थांबायच्या. एक म्हातारी तेवढी बोलली, "शालन, मालकाचं मीठ लई खाल्लंस गं." वीस वर्षं ज्यांच्यासाठी मालकाशी भांडले, त्या मला मालकाची बाई म्हणत होत्या. मला अन्न गोड लागेना.

पंधरवड्यानं साहेब जबाब घ्यायला येणार असा निरोप आला. आदल्या दिवशी मी गडहिंग्लजला दवाखान्यात गेले. हौसा पालथी झोपली होती, हातांना कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्या. मी तिला पेजेचे चमचे भरवले. निम्मी पेज झाल्यावर ती म्हणाली,

"दांडीवर पयला हात माझाच हुता, शालन."

मी चमचा वाटीत ठेवला.

"तू थांबा म्हणालीस. हात आपोआप वर गेलं बघ. दोनदा दाबली, दोनदा सोडली. माझ्यामागच्या बी सगळ्यांनी हात वर केलं. जाळ मागं, आणि आम्ही हात वर करून हुब्या." तिला हसू आलं की रडू, मला कळलं नाही.

"मी पुढचं बी बोललो हुतो गं," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही बोललो, आलो असंच म्हणतात. "दांडी सोडू नका, दाबून धरा, दार उघडतंय. समदं बोललो हुतो. आगीनं ते जळलं."

"बायका म्हणत्यात, तुझ्या भावानं मुद्दामच कापलं."

"हौसा, तुझ्या गळ्याशपथ सांगतो. माझ्या हाताखाली वाढलाय तो. तुझ्या घरची भाकरी खाऊन शाळंला गेलाय. त्यो असलं करायचा न्हाई."

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग तोंड उघडलं, पुढच्या चमच्यासाठी. "तू म्हणतीस म्हंजे तसंच असंल," ती म्हणाली. "मी सांगतो बायकास्नी."

दवाखान्यातून निघाले ती हलकी होऊन. हौसा बोलली की बायका ऐकणार. मधूचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. वाटलं, त्याला ही बातमी द्यावी, बिचारा झुरत असेल. जाताना त्याच्या आवडीच्या खारी घेतल्या.

दुकानाच्या तोंडाशी एक दार उभं होतं. नुसतंच, चौकटीत बसवलेलं, गिऱ्हाइकाला दाखवायला. आमच्या मागच्या दारासारखंच. मी त्याच्या अलीकडं, मधू आणि एक गृहस्थ पलीकडं. तो गृहस्थ शिवणाच्या कारखान्याचा मालक होता, हे त्याच्या बोलण्यावरून कळलं. मी हाक मारणार, एवढ्यात भोंगा वाजला, आणि माझा आवाज आला. "थांबा गं बायांनो!" मग शांत.

"एवढंच?" तो गृहस्थ म्हणाला.

"एवढंच पाहिजे," मधू म्हणाला. "भोंग्याला कोण भीत न्हाई साहेब. चार दिवसांत सवय हुती. पण कुठल्या तरी एका शब्दाला बायकांचा हात थांबतोच थांबतो. त्यो शब्द हुडकायचा. मी तिथं दुपारभर बसून हुडकला."

"आणि आमच्या बायका ह्या बाईचं ऐकतील काय?"

"न्हाई. तुमच्यातली जी कोण असंल, जिला बायका मानत्यात, तिच्याकडनं बोलून घ्यायचं. तिला समदं वाक्य बोलू द्यायचं, म्हंजे तिला बी बरं वाटतं. मग पयला तुकडा ठेवायचा आणि बाकीचं कापायचं. कायद्याला दार उघडं आणि बायकांस्नी बंद."

"पण तिकडं आग लागली म्हणं?"

"आग बॉयलरची, साहेब. दारानं आपलं काम चोख केलं. एक बाई त्यातनं भाईर गेली न्हाई."

खारीचा पुडा माझ्या हातात होता. मी तो दुकानाच्या पायरीवर ठेवला, चपला काढल्या आणि दाराला वळसा घालून आत गेले. सवयीनं चपला काढल्या. माहेर ना ते.

मधूनं मला बघितलं आणि त्याच्या तोंडाचा रंग उडाला. गृहस्थ शहाणा होता, "पुन्हा येतो" म्हणून सटकला.

"बाकीचं कुठं हाय, मधू?"

"कसलं बाकीचं, आक्का? बस की. चा सांगतो."

"दांडी सोडू नका. दाबून धरा. दार उघडतंय. मी बोललो हुतो ते."

"ते पुसलं," तो म्हणाला. "ठेवून काय करायचं हुतं?"

"मालकानं पुसाय लावलं?"

माझी फार इच्छा होती की त्यानं हो म्हणावं. खोटं का होईना, म्हणावं. पण एवढी वर्षं मी त्याला एकच गोष्ट शिकवली होती, आक्काशी खोटं बोलायचं नाही, आणि ती त्याला नेमकी त्या क्षणी आठवली.

"मालकाला निस्तं दार उघडाय नको हुतं," तो म्हणाला. "कसं ते मी सांगितलं. आक्का, पयलंच मोठं काम हुतं माझं. आग लागंल असं मला काय ठावं?"

"मग दार कशाला बसवत हुतास?"

मालकाचा मला राग आला नाही. मालक परका, त्यानं परक्यासारखंच वागावं. पण पोत्यांमागं मोबाइल धरून हा माझं कौतुक करत होता, आणि माझ्या तोंडातून काय ठेवायचं आणि काय फेकायचं हे त्याच्या डोक्यात तेव्हाच पक्कं होतं. वर आग लागल्यावर माझ्या पदरात तोंड खुपसून रडला. मी त्याला जेवू घातलं. आणि आत्ता, घटकाभरापूर्वी, पट्ट्या बांधलेल्या हौसाच्या गळ्याची शपथ घेऊन आले होते.

मधूनं माझे हात धरले. "आक्का, उद्या साहेबाला चिप जळाली म्हण. मला आत घालतील. माझी पोरं हायत. तू म्हणालीस की समदी ऐकत्यात."

"हौसाला बी पोरं हायत," मी म्हणाले. "आधी तिच्याकडं जाणार. मग उद्या साहेबाकडं. जे ऐकलं ते समदं सांगणार."

"माझ्याविरुद्ध?"

"व्हय."

त्याचे हात सुटले. मी पायरीवर येऊन चपला घातल्या. तो मागोमाग आला, त्या चौकटीतल्या दाराला धरून उभा राहिला. लहानपणी मी बाजाराला निघाले की असाच उभा राहायचा.

"जातो," मी म्हणाले.

माहेरातून निघताना जातो कुणी म्हणत नाही. त्याला ते लागलं.

"येतो म्हण, आक्का," तो म्हणाला. "भाऊबीज हाय पुढच्या महिन्यात. येतो म्हण की गं."

मी पायऱ्या उतरले आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागले. जातो म्हणाले होते, तेच खरं केलं.